लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर: घरच्या मंडळींसाठीं

अतिस्थूलपणावर शस्त्रक्रिया करून घेणें ही गोष्ट आतां आपल्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांतहि अपरिचित राहिलेली नाहीं. मधुमेह, रक्तदाब, झोपेंत श्वास अडकणें, गुडघ्यांचें दुखणें अशा एकेका व्याधीनें जेरीस आलेलीं माणसें शेवटीं या उपायाकडे वळतात. शस्त्रक्रियेपूर्वीं घरांत पुष्कळ चर्चा होते. डॉक्टर कोणता, खर्च किती, विम्याचे पैसे मिळतील कीं नाहीं, या प्रश्नांचा खल आठ आठ दिवस चालतो. परंतु रोगी घरीं आल्यावर पुढें काय, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. शस्त्रवैद्याचें काम दोन-तीन तासांत आटोपतें. घराचें काम त्यानंतर सुरू होतें आणि तें जन्मभर पुरतें. त्या कामाची रूपरेषा गृहिणींपुढें व घरांतील वडीलधाऱ्यांपुढें मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘तोंड आवरलें असतें तर ही पाळी आली नसती,’ असें वाक्य रोग्याच्या कानांवर कधीं ना कधीं पडतेंच. बोलणारास तें सहज वाटतें, ऐकणारास तें जन्मभर सलतें. चरकसंहितेंत अतिस्थूल मनुष्याची गणना आठ निंदित शरीरांत केलेली आहे, हें खरें. पण स्थूलतेचीं कारणें सांगतांना अतिभोजन, दिवसां झोप आणि व्यायामाचा अभाव यांच्या जोडीस बीजस्वभाव, म्हणजे मातापितरांकडून आलेली देहप्रकृति, हेंहि कारण तेथें नमूद आहे. इतकेंच नव्हे, तर मेदानें मार्ग अडल्यामुळें कोठ्यांत फिरणारा वायु अग्नि चेतवितो व म्हणून अशा माणसास भूक अधिक लागते, अशी उपपत्तिहि दिली आहे. भुकेचें मूळ देहांत शोधण्याची ही दृष्टि किती जुनी आहे पाहा! अलीकडे १९९९ सालीं जपानी संशोधकांनीं जठरांतून रक्तांत मिसळणारें घ्रेलिन नांवाचें द्रव्य शोधून काढलें. तें वाढलें कीं भूक लागते. आणि अन्न कमी करून वजन उतरविलें तर तें आणखीच वाढतें. उपाशी राहून उतरविलेलें वजन पुन्हां चढतें, त्यास असें शारीरिक कारण आहे. तेव्हां रोग्यास दोष देण्याचें पातक कोणीं आपल्या माथीं घेऊं नये.

‘पण ती कांहीं एवढी लठ्ठ दिसत नव्हती,’ हीहि एक नेहमींची शंका. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागिलें म्हणजे जो आंकडा येतो त्यास डॉक्टर लोक बीएमआय म्हणतात. २००४ सालीं पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत शेजारीं शेजारीं प्रसिद्ध झालें. दोघांचाहि बीएमआय २२.३, पण अंगांतील मेद युडकिन यांचा शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांचा शेंकडा २१.२ भरला. सारांश, आपल्या लोकांच्या देहांत वजनाच्या मानानें चरबी अधिक असते आणि तिचे विकारहि लौकर जडतात. म्हणूनच २०२२ सालीं या विषयांतील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थांनीं सामान्यतः ३५ च्या पुढें शस्त्रक्रिया सुचविली असतां आशियांतील लोकांसाठीं ती मर्यादा २७.५ इतकी खालीं आणली आहे. डोळ्यांच्या अंदाजावर या गोष्टीचा निवाडा करतां येत नाहीं.

शस्त्रक्रियेंत होतें काय, तें आतां थोडक्यांत सांगतों. सध्यां दोन प्रकार विशेष रूढ आहेत. पहिल्यास स्लीव्ह म्हणतात. त्यांत जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. घ्रेलिन मुख्यतः काढलेल्या भागांतच तयार होत असल्यानें भूकहि मंदावते. दुसरा प्रकार बायपास. त्याचा पाया अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं घातला. यांत जठराच्या वरच्या टोकाशीं सुमारें ३० मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी ठेवून ती लहान आंतड्याच्या पुढच्या भागास जोडतात, म्हणजे अन्न बाकीचें जठर व आंतड्याचा आरंभ टाळून जातें. आतां हीं दोन्हीं कामें बहुधा पोटावर चार-सहा बारीक छिद्रें पाडून दुर्बिणीनें होतात. अनुभवी हातीं धोका थोडा असतो, लाभ मोठा असतो. स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत शस्त्रक्रिया झालेल्या लोकांत मृत्यूचें प्रमाण ती न झालेल्यांपेक्षां कमी आढळून आलें.

रुग्णालयांतील मुक्काम साधारणतः दोन-तीन दिवसांचा. त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं रोग्यास उठवून चालवितात, तें पाहून भेटीस आलेलीं माणसें हळहळतात. त्यांनीं हळहळूं नये. पडून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, त्या फुप्फुसांत गेल्या तर प्राणावर बेततें. घरीं आल्यावरहि दर दोन-तीन तासांनीं घरांतल्या घरांत फेऱ्या माराव्या. पोटांत भरलेल्या वायूमुळें खांदा दुखतो. तो चार-सहा दिवसांत आपोआप राहतो. जड ओझें चार ते सहा आठवडे उचलावयाचें नाहीं. यांत पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर व कडेवरचें मूल हीं तिन्हीं आलीं. बैठ्या कामावर दोन-तीन आठवड्यांत रुजू होतां येतें. मधुमेही रोग्याची साखर थोड्याच दिवसांत पुष्कळ उतरते, रक्तदाबहि उतरतो. अशा वेळीं जुन्याच मात्रेनें औषध चालू ठेवलें तर साखर अथवा दाब एकाएकीं घसरून रोगी कोसळतो. म्हणून घरीं येतांनाच कोणतें औषध किती घ्यावयाचें, हें डॉक्टरांकडून लिहून घ्यावें व त्यांतील फेरबदल त्यांनाच विचारून करावे.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. आंतील टाके भरून येईपर्यंत अन्न पायरीपायरीनें वाढवावें लागतें. प्रत्येक डॉक्टरांचा क्रम थोडा निराळा असतो व तोच प्रमाण मानावा. साधारण रीत अशी. पहिले एक-दोन दिवस पाणी, शहाळ्याचें पाणी, गाळलेलें कढण अशीं स्वच्छ पेयें. पुढें दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत दूध, ताक, घोटून गाळलेलें वरण असे दाट पातळ पदार्थ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत मिक्सरमधून काढलेलें, गुठळी नसलेलें अन्न. पांचव्या-सहाव्यांत मुगाची आसट खिचडी, कुस्करलेलें पनीर, शिजवून मऊ केलेली दुध्या-भोपळ्याची भाजी. त्यानंतर हळूहळू नेहमींचें जेवण, तेंहि अर्ध्या वाटीच्या मापानें. दोन महिन्यांनंतरहि पोळी व मऊ भात यांची जपणूक करावी, कारण नीट न चावलेला पिठाचा गोळा अरुंद वाटेंत अडून बसतो.

शाकाहारी घरांत खरी अडचण प्रथिनांची येते. अशा रोग्यास दिवसाकाठीं निदान ६० ग्रॅम प्रथिनें लागतात. तीं न मिळालीं तर देह चरबीबरोबर स्नायूहि झिजवितो. आपल्याकडे आजाऱ्यास पेज, भात, साबुदाण्याची खीर देण्याची चाल आहे. यांनीं पोट भरतें, प्रथिनें जवळजवळ कांहींच मिळत नाहींत. हिशेब करून पाहावा. दिवसभरांत दोन पेले, म्हणजे ४०० मिलिलिटर, दूध घेतलें तर १३ ग्रॅम. ५० ग्रॅम पनीर खाल्लें तर ९. वाटीभर घट्ट वरण ६ ते ७. शंभर ग्रॅम दही ३ ते ४. एवढें सगळें खाऊनहि बेरीज ३२-३३ च्या पुढें जात नाहीं, आणि एवढें सगळें त्या इवल्याशा जठरांत मावणेंच आरंभीं कठीण. म्हणून डॉक्टर प्रथिनांची भुकटी देतात. ‘डबाबंद औषधी पीठ कशाला, घरचें साधें अन्न बरें,’ असें म्हणून पुष्कळ वडील मंडळी ती बाजूस सारतात. त्यांनीं वरील बेरीज एकदां स्वतः मांडावी. ताटलींतहि क्रम असा असावा, कीं पहिला घांस वरणाचा, उसळीचा किंवा पनीराचा; मग भाजी; भात-पोळी सर्वांच्या शेवटीं, जागा राहिली तर.

खाण्याच्या रीतीचे नियम थोडे आहेत, पण ते कडक आहेत. घांस लहान असावा, तो पातळ होईपर्यंत चावावा, आणि एका जेवणास वीस-तीस मिनिटें द्यावीं. पोट भरल्याची पहिली जाणीव, मग ती छातींत दाटल्यासारखी असो कीं नाकांतून पाणी येण्यासारखी असो, होतांच हात थांबवावा. वाग्भटांनीं कोठ्याचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पेयास व एक वायूसाठीं मोकळा ठेवावा असें सांगितलें आहे. आपल्या पिढीनें त्या नियमाचें पाठांतर केलें आणि पंक्तींत तो विसरला. या रोग्यांस मात्र त्याहूनहि पुढें जावें लागतें: पेयाचा भाग जेवणांतून काढूनच टाकावा लागतो. जेवतांना पाणी प्यावयाचें नाहीं, जेवणानंतरहि अर्धा तास प्यावयाचें नाहीं; आणि तरीहि दिवसभरांत दीड ते दोन लिटर पाणी घोटघोट करून पोटांत गेलें पाहिजे. पाणी कमी पडल्यामुळें पहिल्या महिन्यांत पुन्हां रुग्णालयांत जावें लागलेलीं माणसें थोडीं नाहींत. गृहिणीनें सकाळींच मापाची बाटली भरून रोग्याच्या हाताशीं ठेवावी व संध्याकाळीं ती पाहावी.

आतां आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, तो आग्रहाचा. वाढणारीनें आग्रह करावा आणि जेवणारानें पान स्वच्छ करावें, या दोहोंवर आपली पंक्ति उभी आहे. पानांत टाकणें हा दोष, असें आपण मुलांना पांचव्या वर्षापासून शिकवितों. नव्या जठराच्या माणसास हे दोन्ही संस्कार घातक ठरतात. आमच्या परिचयाच्या एका घरीं मुंजीच्या पंक्तींत, शस्त्रक्रियेस चार महिने झालेल्या एका बाईंस यजमानीणबाईंनीं प्रेमानें बासुंदी वाढली. ‘अहो, दोन चमच्यांनीं काय होतंय,’ असें म्हणत म्हणत वाटी रिकामी करविली. अर्ध्या तासाच्या आंत त्या बाई घामानें भिजल्या, छातींत धडधड सुरू झाली, पोटांत कळा येऊं लागल्या व भर मांडवांतून त्यांस आंत नेऊन निजवावें लागलें. कोणी पित्त म्हणालें, कोणी दृष्ट म्हणालें. हें दोहोंपैकीं कांहींच नव्हतें. गोड पदार्थ लहान जठरांत न थांबतां एकदम आंतड्यांत उतरला कीं असें होतें. वैद्यकांत यास डंपिंग म्हणतात. बायपास झालेल्यांत तें अधिक दिसतें. कित्येकांना खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनीं साखर उतरून अंगाला कांपरें भरतें, त्याचेंहि मूळ त्या गोडांतच असतें.

त्या यजमानीणबाईंच्या मायेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण माया दाखविण्याची आपणांस एकच रीत ठाऊक आहे, ती म्हणजे वाढणें. आणि नेमकी तीच रीत येथें बंद झाली आहे. रोगी ‘पुरे’ म्हणाला कीं तो शब्द अखेरचा मानावा. पानांत चार घांस राहिले तर ते मुकाट्यानें उचलावे. त्याहून चांगलें म्हणजे वाढतांनाच पुरणाच्या वाटीएवढ्या लहान वाटींत वाढावें. सणावारीं त्यास पंक्तींतून वगळूं नये, कारण एकटें बसवून जेवूं घालणें ही शिक्षाच होय. पंक्तींत बसवावें, पानांत थोडें वरण, थोडी कोशिंबीर वाढावी आणि त्याच्याशीं जेवणाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलावें. त्याच्या पानाकडे सर्वांनीं पाहणें थांबविलें, तर त्यास निम्मी तरी विश्रांति मिळेल.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या या रोग्यास आयुष्यभर घ्याव्या लागतात. ‘आतां बरें वाटतें’ म्हणून त्या सोडणें हा पुढील दुखण्याचा पाया होय. बी-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं, म्हणून शाकाहारी घरांत तें आधींच अपुरें असतें. त्यांत या शस्त्रक्रियेनें त्याचें शोषण आणखी घटतें. त्याच्या उणिवेनें पांडुरोग होतो, हातापायांस मुंग्या येतात, स्मृति मंदावते. लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांचीहि तीच गत. लोहाची व कॅल्शियमची गोळी एका वेळीं घेऊं नये, दोहोंत दोन तासांचें अंतर असावें. आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेऊं नये. पहिल्या वर्षांत तीन, सहा व बारा महिन्यांनीं आणि पुढें दरवर्षीं रक्त तपासून घ्यावें. उपवासांविषयीं आम्हांस विचारलें तर आमचें उत्तर स्पष्ट आहे. आतुरास नियम शिथिल, हें शास्त्रानेंच सांगितलें आहे. दिवसभर निराहार राहून रात्रीं साबुदाण्यावर उपास सोडणें या देहास मुळींच सोसणारें नाहीं. एकादशीस नामस्मरण करावें, वेळच्या वेळीं ताक व वरण घ्यावें. देव रागावत नाहीं.

पुढील महिन्यांत कांहीं गोष्टी घडतात, त्या आधीं ठाऊक असाव्या म्हणजे घाबरगुंडी उडत नाहीं. तिसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत केस गळूं लागतात. प्रथिनें व लोह नीट असेल तर ते पुन्हां येतात. वजन झपाट्यानें उतरल्यानें पित्ताशयांत खडे होण्याचा संभव असतो, म्हणून कित्येक डॉक्टर सहा महिने त्यावर औषध देतात. दुखण्याच्या नेहमींच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या, बायपासनंतर घेऊं नयेत; त्यांनीं जोडावर व्रण होतो. तंबाखूनेंहि तेंच होतें. तरुण स्त्रियांस एक सूचना आवश्यक आहे. वजन उतरतांच गर्भधारणेची शक्यता वाढते, पण पहिलीं बारा ते अठरा महिने गर्भ राहणें इष्ट नाहीं, कारण त्या काळांत आईचाच देह झिजत असतो. बायपासनंतर पोटांत घेण्याच्या संततिनियमनाच्या गोळ्यांवर भिस्त ठेवतां येत नाहीं. दुसरा उपाय डॉक्टरांस विचारावा. ‘आतां बारीक झाली, आतां नातवंडाचें तोंड दाखव,’ असा लकडा सासूबाईंनीं या दीड वर्षांत लावूं नये.

कांहीं लक्षणें मात्र घरीं बसून पाहण्याचीं नव्हेत. ताप, पोटांत वाढत जाणारी वेदना, विसांव्यांतहि मिनिटास १२० च्या वर चालणारी नाडी, धाप, एका पोटरीस सूज, यांपैकीं एकहि दिसलें तर त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. टाक्यांतून गळती होत असल्यास कित्येकदां वेगवान नाडी हीच पहिली खूण असते. दुसरी गोष्ट वांत्यांची. अधिक खाल्ल्यानें एखादी वांति होणें वेगळें. दिवसांमागून दिवस वांत्या होत राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्वाचा सांठा थोड्याच आठवड्यांत संपतो. मग एकाच्या दोन वस्तु दिसूं लागतात, चालतांना झोंक जातो, बोलणें असंबद्ध होतें. १८८१ सालीं जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनीं वर्णिलेला मेंदूचा विकार तो हाच. वेळीं बी-१ टोंचलें तर माणूस सावरतो. उशीर झाला तर स्मृति कायमची जाते. अशा रोग्यास सलाइनमधून साखर चढविण्यापूर्वीं बी-१ दिलें पाहिजे. म्हणून शेजारच्या दवाखान्यांत नेलें तरी ‘लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली आहे, वांत्या इतक्या दिवसांच्या आहेत,’ हें वाक्य बरोबरच्या माणसानें प्रथम सांगावें.

शेवटीं मनाविषयीं. जन्मभर ज्या अन्नानें सुखांत सोबत केली व दुःखांत धीर दिला, तें एका दिवसांत दूर होतें. पहिल्या कांहीं महिन्यांत रोगी कारणावांचून रडतो, चिडतो, ‘हें करून घेतलें तें चुकलें’ असेंहि म्हणतो. त्यास उपदेश करूं नये, ऐकून घ्यावें. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा येऊं लागली, तर विनासंकोच मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावें. कोणी कोणी अन्नाच्या जागीं मद्य आणतात. या शस्त्रक्रियेनंतर तें रक्तांत फार वेगानें चढतें, हें ध्यानांत असावें. वजन पहिल्या सहा महिन्यांत वेगानें उतरतें, मग गति मंदावते, वर्ष-दीड वर्षांत थांबते. पुढें त्यांतलें थोडें परतहि येतें. आठवडा आठवडा कांटा हलत नाहीं, असेहि दिवस येतात. तेव्हां रोज वजन विचारणें बंद करावें. त्याऐवजीं जिना चढतांना दम लागतो कीं नाहीं, रात्रीं झोप लागते कीं नाहीं, मधुमेहाची गोळी किती कमी झाली, हें विचारावें. शस्त्रक्रिया ज्या कारणासाठीं केली तें कारण या उत्तरांत आहे. तीं उत्तरें चांगलीं येत असतील, तर पानांत उरलेल्या चार घांसांचें कोणीं वाईट वाटून घेऊं नये.